अण्णांचे चुलीपुढचे चार दिवस

माझे वडील महिन्यातले चार दिवस स्वयंपाक करत. आता हे मी सहज लिहून टाकलं, पण त्या काळी ही गोष्ट आमच्या दाराबाहेर गेली असती तर अण्णांना शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ते जळकोटच्या शाळेत मास्तर होते. मास्तर म्हणजे छडीवाले. त्यांची चाहूल लागली की गल्लीतली पोरं गोट्या टाकून पळत. असा माणूस धोतराचे सोगे खोचून चुलीपुढं बसतो, भाकरी थापतो आणि तव्यावर टाकताना ती मोडली की "तोबा तोबा" म्हणतो, हे गावाला कळून कसं चालेल? तोबा अशासाठी, की अण्णांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. ते राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो, शाळा मराठी झाल्या, तरी अण्णांचे पाढे आणि अण्णांचा राग उर्दूतच राहिला.

त्यांच्यावर ही वेळ का येई, तेही सांगते. आमचं बिऱ्हाड चार माणसांचं. अण्णा, आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. बदलीची नोकरी, त्यामुळं सासू, जावा, नणंदा सगळ्या मागं राहिलेल्या. एकत्र घरात बाई बाहेर बसली, म्हणजे तिला पाळी आली, की दुसरी बाई चुलीपुढं बसते. कुणाचं काही अडत नाही. आमच्या घरात दुसरी बाईच नव्हती. आईला कावळा शिवला की ती मागच्या पडवीत पोत्यावर जाऊन बसे आणि चूल अण्णांच्या गळ्यात पडे. बाईला शिवायचं नाही हा नियम ज्या कुणी काढला, त्याच्या हे ध्यानात आलं नसावं. आलं असतं तर त्यानं नियम तरी बदलला असता नाहीतर स्वतः भाकरी शिकला असता.

पण नियम अण्णा कडक पाळत. आईची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. ती दोन्ही हातांची ओंजळ खाली धरून बसे आणि अण्णा हातभर उंचीवरून तिच्या ओंजळीत भाकरी टाकत. भाकरी टाकायची आणि झटकन मागं सरायचं. एरवी तिच्याच हातची चटणी-भाकरी खाऊन हा माणूस शाळेत जातो आणि आज तिला वरून टाकतो, याचा मला लहानपणीही संताप येई. एकदा मी म्हटलंही, "अण्णा, कुत्र्याला टाकतात तसं काय टाकताय?" त्या दिवशी छडी मला बसली. आईनं पडवीतून नुसतं बघितलं. तिला मध्ये पडून सोडवताही येईना, कारण शिवायचं नव्हतं.

त्या चार दिवसांत माझं काम एकच. पुढच्या सोप्यात उंबऱ्यापाशी बसायचं, दाराला आतून कडी घालायची आणि कुणी आलं तर मोठ्यानं ओरडायचं, "अण्णा, पेपर वाचून झाला का?" मग आत भांडी वाजत, तांब्याभर पाणी सांडल्याचा आवाज येई आणि अण्णा हात पुसत, हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर येत. एकदा पोलीस पाटील आले होते. अण्णा त्यांच्याशी पिकापाण्याचं बोलले, शाळेच्या गळक्या छपराचं बोलले, आणि पूर्ण वेळ अण्णांच्या उजव्या कानाच्या पाळीला ज्वारीचं पीठ लागलेलं. पाटील त्या कानाकडंच बघत होते, पण माणूस शहाणा. काही न बोलता गेला.

स्वयंपाकघराचं दार पडवीत उघडत असे, त्यामुळं आईला पोत्यावरून चूल दिसे. ती तिथून सांगत राही. "आधण उकळू द्या की जरा. पीठ कच्चंच मळताय. हात ओला करा, हात ओला करा!" अण्णा चिडत. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. यायचं तर ये इथं." आणि लगेच त्यांच्याच ध्यानात येई की तिला येता येत नाही. मग ते जास्तच चिडत आणि भाकरीवर जास्तच जोरात थापा मारत. पण एक सांगते, माणूस हुशार होता. वर्षभरात त्यांची भाकरी टम्म फुगायला लागली.

आमच्या शेजारी एक लिंगायत घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईला सगळी गल्ली अव्वा म्हणे. त्यांच्या घरातल्या सुना कधी बाहेर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी एकदा अव्वांना विचारलं, तर त्यांनी गळ्यातलं लिंग दाखवलं आणि म्हणाल्या, "आमच्यात न्हाय बाई असलं. हे गळ्यात असल्यावर कसला आलाय इटाळ?" मी धावत घरी आले. आई पडवीतच होती. मी मोठ्यानं म्हटलं, "आई, अव्वांच्यात विटाळ नसतो! तू पण ऊठ की!" तिनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल बाई. माझे चार दिवस घालवशील."

तेव्हा मला काही कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं वरून पडणारी भाकरी होती. तिच्या डोळ्यांपुढं काय होतं, ते पुढच्या वर्षी समजलं.

त्या वर्षी शाळा तपासायला एक साहेब आले आणि जेवायला आमच्याकडं होते. जेवताना म्हणाले, "मास्तर, गावात मुलींची शाळा काढायचीय, पण बाई मिळत नाही हो. सातवी पास बाई द्या, लगेच नेमतो." आई आमटी वाढायला येत होती, ती उंबऱ्यावरच थांबली. आई सोलापूरची. तिकडं इंग्रजांचा अंमल, मुलींच्या शाळा होत्या. ती सहावीत असताना तिचं लग्न झालं आणि ती शाळेतून उठली ती थेट निजामाच्या मुलखात, जिथं तिच्या मराठी सहावीला कुणी विचारत नव्हतं. आता राज्य फिरलं होतं. घरी अभ्यास करून सातवीच्या परीक्षेला बसता येत होतं, आणि परीक्षेची जागा तालुक्याला, तुळजापुरात.

साहेब गेल्यावर आईनं विचारलं, "मी बसू का परीक्षेला?"

अण्णा पान लावत होते. म्हणाले, "बस की. माझी काय ना न्हाय. घरातलं सांभाळून काय करायचं ते कर."

या वाक्यावर माझा जन्माचा राग आहे. पुढं मी नोकरी केली, संसार केला, दहा ठिकाणी दहा चांगल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं, आणि दर वेळी माझ्या अंगाची लाही झाली. माझी ना न्हाय! अहो, तुम्ही नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. अण्णांना कधी कुणी म्हणालं होतं का, की घरातलं सांभाळून मास्तरकी करा? घरातलं म्हणजे काय, ते एकदा ऐका. आडाचं पाणी ओढायचं. दोन वेळच्या भाकरी. धुणं, भांडी, सारवण, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं. ज्वारी निवडून गिरणीत पाठवायची. पोरं आजारी, पाव्हणे आले, उडदाचे पापड, सणवार. हे सांभाळून जो वेळ उरतो, त्याला अभ्यास म्हणायचा. आईचं भूगोलाचं पुस्तक फडताळात पिठाच्या डब्याशेजारी पडून असे. त्याच्यावर पिठाचा थर बसला होता.

वेळ होता तो फक्त त्या चार दिवसांत. त्या चार दिवसांत तिला पाणी ओढायचं नव्हतं, भांड्याला शिवायचं नव्हतं, कुणी तिला हाक मारायची नव्हती. तिनं पडवीतून पुस्तक मागितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "विद्येला विटाळ होतोय."

आई म्हणाली, "तुमच्या शाळेत सगळ्या जातीची पोरं एकाच पुस्तकाला हात लावतात. पोरांच्या आयांनी भांडण काढलं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना, विद्येला विटाळ नसतो म्हणून? मग तो माझ्याच हाताला असतो का?"

अण्णांनी पुस्तक आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरकले. आईनं ते उचलून घेतलं.

त्यानंतर आमच्या घरात जे चालू झालं, तशी शाळा मी परत कुठं पाहिली नाही. पडवीत आई पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली, आत अण्णा काठवटीत पीठ मळताहेत, आणि मध्ये उंबरा. गणित तिचं कच्चं, स्वयंपाक त्यांचा कच्चा.

"पिठल्याला मीठ किती?"

"पोह्याच्या चमच्यानं एक. आता सांगा, बारा मजूर एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर नऊ मजूर किती दिवसांत?"

"मजूर कमी झाले तर दिवस वाढतील का घटतील? आधी त्याचा विचार कर. हळद घालू का आत्ता?"

"थांबा, कांदा होऊ द्या. वाढतील."

"शाब्बास. मांड मग."

मी दाराशी बसून हे ऐकत असे. अण्णा शाळेत कुणाला शाब्बास म्हणत नसत. इथं आईला म्हणत, आणि म्हटल्यावर जरा लाजल्यासारखं करून फुंकणी हातात घेत. मला त्या दोघांचा फार आनंद होई. ते नवरा-बायको आहेत, असं मला तेव्हाच पहिल्यांदा वाटलं. एरवी ते मास्तर होते आणि ती आमची आई होती.

आता कुणी तरी म्हणेल, बघा, जुन्या रीतींत बाईच्या विश्रांतीचा किती विचार होता. असं म्हणणाऱ्याला मी माझ्या दारात उभं करत नाही. विश्रांती द्यायची होती तर गादीवर द्यायची होती, पोत्यावर कशाला? आईनं त्या रीतीतून आपला वेळ खणून काढला, यात रीतीची थोरवी नाही, आईची आहे.

परीक्षा होळीनंतरची. संक्रांत झाली, भूगोल झाला, इतिहास झाला, पण गणित मागं राहिलं. महिन्याला चार दिवस पुरेनात. मग माघात एक गंमत झाली. आईला दहा दिवसांत दुसऱ्यांदा कावळा शिवला. मी म्हटलं, "आई, परवाच तर झालं की!" ती म्हणाली, "पोरींनी असलं मोजू नये." मला तोवर खरंच वाटे की कावळाच येऊन शिवतो, म्हणून मी परसातल्या लिंबावरच्या कावळ्यावर पाळत ठेवली. फाल्गुनात तो तीनदा शिवला. चिंध्या धुऊन वाळत घातलेल्या दिसत नव्हत्या, हे मोठी झाल्यावर मला आठवलं. अण्णा काही बोलत नव्हते. मुकाट्यानं सोगे खोचून चुलीपुढं बसत होते, पण दमलेले दिसत. एकदा तर वर्गात त्यांना डुलकी लागली.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना आत्या आली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तुळजापुरात दिलेली, पुजाऱ्यांच्या घरात. अणदूरच्या खंडोबाला नवस फेडून ती तशीच पुढं मोटारीनं आमच्याकडं आली. आणि चूक माझी झाली. मी दाराशी बसले होते, पण आतलं व्याजाचं गणित मलाही सुटतं का ते बघत होते, आणि कडी घालायची राहिली होती. आत्या दार ढकलून सरळ आत. मी "पेपर वाचून झाला का" म्हणून किंचाळेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली होती.

अण्णांचे हात कोपरापर्यंत पिठात. पडवीत आई पाटी घेऊन बसलेली.

"अगं माय माय माय!" आत्यानं कपाळावर हात मारला. "मास्तर, हे काय रे? मी जिती हाय का मेले?"

अण्णांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "अक्का, तुम्ही बसा आधी. ती बाहेर बसलीय. मग कोण करणार?"

"कोण करणार? ही एवढी घोडी दाराशी कशाला बसवलीय? अकरा सरून बारावं लागंल हिला. माझ्या घरी या वयाच्या पोरी पंगती उठवतात."

"ती शाळेत जातीय."

"चौथी झाली न्हवं? बास की. बापानं भाकऱ्या थापायच्या आन् लेकीनं पाटी मिरवायची? लोक शेण घालतील तोंडात. आन् ती बघा मास्तरीण, पोत्यावर बसून हुकूम सोडतीय!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली काठवटीकडं बघितलं. बहिणीपुढं त्यांचा जीव एवढा एवढासा झाला होता. म्हणाले, "बरं. उद्यापास्नं पोरगी करील."

आमच्या वर्गातल्या तीन मुली अशाच गेल्या होत्या. आधी आईच्या चार दिवसांपुरत्या घरी राहिल्या, मग आठ दिवस राहिल्या, मग शाळेच्या वाटेवर डोक्यावर घागर घेऊन दिसायला लागल्या, आणि मग त्यांची लग्नं झाली. एकदा काठवट हातात आली की ती परत कुणी घेत नाही, हे मला माहीत होतं. मी आईकडं बघितलं. तिच्या मांडीवर पाटी होती, पाटीवर अर्धं सुटलेलं गणित होतं, आणि परीक्षेला आठ दिवस होते. ती गप्प बसली असती तर ते आठही दिवस तिचे झाले असते. भाकऱ्या मी केल्या असत्या.

आईनं पाटी खाली ठेवली. उठली, लुगडं झटकलं आणि उंबरा ओलांडून आत आली.

"अगं अगं, शिवशील!" आत्या भिंतीला चिकटली.

आई चुलीपुढं बसली. तिनं अण्णांच्या पुढची काठवट ओढून घेतली. "मी बाहेरची नाही, वन्सं. ह्या खेपेला नव्हते आणि मागच्या दोन खेपांनाही नव्हते. अभ्यासाला वेळ मिळेना, म्हणून खोटंच बसत होते. काय बोलायचं ते मला बोला. माझी परीक्षा राहिली तर राहू द्या. पण पोरीला शाळेतून उठवायचं नाव या घरात काढू नका."

तव्यावर भाकरी होती. तिचा करपल्याचा वास यायला लागला.

"देवाधर्माचं खोटं!" आत्या कशीबशी बोलली. "नवऱ्याला फसवून चुलीपुढं बसवलंस? बघ रे बाबा, बघ तुझी बायको!"

"मला ठावं होतं," अण्णा म्हणाले.

"काय ठावं होतं?"

"अक्का, मी गणिताचा मास्तर हाय. अठ्ठावीस दिवस आन् दहा दिवस यांतला फरक मला कळतो. हिची खरी पाळी अजून आठ दिवसांनी हाय. येत्या मंगळवारी."

आत्या पुजाऱ्याच्या घरातली, तिथी-वाराला पक्की. तिनं लगेच विचारलं, "मंगळवारी? आन् परीक्षा कवा हाय म्हणं हिची?"

परीक्षा मंगळवारी होती. हे अण्णांच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि खोट्या दिवसांच्या गडबडीत आईच्याही. आत्यानं हात जोडले. "आईभवानीनंच न्याय केला ग बाई! मंगळवार तिचा, गाव तिचं, आन् ही इटाळशी तिथं जाऊन चार लोकांत बसणार! माझ्या घरी उतरायचं मनातबी आणू नको. मोटारीत माणसं शिवतात, माहीत हाय न्हवं?"

पण आईचं आत्याकडं लक्षच नव्हतं. ती अण्णांकडं वळली होती, आणि ती अशी चिडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली. "पहिल्यापासून ठाऊक होतं? मग मला त्या पोत्यावर का बसवलंत? थंडीच्या दिवसांत मी तिथं निजले. तुम्ही वरून टाकलेली भाकरी मी झेलली. नुसतं 'आज मी करतो, तू वाच' एवढं म्हणायला तुमचं काय जात होतं? मी विटाळशी झाल्याशिवाय तुमच्या हाताला चूल लागत नाही का?"

त्यानंतरच्या आयुष्यात मी बायकांच्या सभांना गेले, भाषणं ऐकली, स्वतःही दोन-चार केली. पण या प्रश्नाच्या पुढं जाणारं काही मी ऐकलेलं नाही. अण्णांनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि म्हणाले, "सरक. काठवट इकडं दे. तुझं व्याजाचं गणित अर्धं राहिलंय."

मग मला म्हणाले, "दाराला कडी घातलीस का?"

"घालते, अण्णा."

"राहू दे उघडं."

"आन् पोरगी?" आत्यानं विचारलं.

"पोरगी शाळेत जाईल. भाकरी शिकायची असंल तर दोघं शिकतील, ती आन् तिचा भाऊ." भाऊ बिचारा परसात विटीदांडू खेळत होता. त्याला काय ठरलं ते संध्याकाळी कळलं आणि तो रडला.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं गेली. जाताना पाणीसुद्धा प्यायली नाही.

ते आठ दिवस आमचं दार उघडं होतं. आई पडवीत बसली नाही, पुढच्या सोप्यात बसली, उजेडात, आणि अण्णा आत चुलीपुढं. दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. पारावर माणसं हसली. शाळेत कुणीतरी फळ्यावर भाकरी काढली. अण्णांनी ती बघितली, डस्टर घेतलं, आणि पुसायच्या आधी म्हणाले, "कडा जाड झालीय. भाकरी कडेला पातळ पाहिजे." पोरांनी परत काही काढलं नाही. अव्वा मुद्दाम भाकरी बघायला आल्या, एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "मास्तर, आमच्या धाकट्या सुनेला पाठवून देऊ का शिकायला?" अण्णा हसले. झाकली मूठ उघडली आणि आभाळ काही कोसळलं नाही.

पण मंगळवारचं कुणी बोलत नव्हतं. अण्णाही नाही, आईही नाही. मला मात्र झोप येत नव्हती. अण्णांनी चूल धरली, दार उघडं ठेवलं, हे सगळं आई शुद्ध असताना. विटाळ त्यांनी अजून सोडला नव्हता. तसं ते म्हणालेही नव्हते.

मंगळवारी उजाडताना आई आडावर होती. मी घागर घेऊन गेले तर हळूच म्हणाली, "आली गं. अण्णांचं गणित चुकत नाही."

"मग?"

"मग काय? जाणार. मला कुणी उचलून मोटारीतून खाली उतरवलं तर उतरवू दे."

अण्णांनी भाकऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, फडक्यात बांधलं. आम्ही सडकेवर जाऊन उभे राहिलो. नळदुर्गावरून तुळजापूरला जाणारी मोटार तिथं थांबत असे. देवीचा वार म्हणून गर्दी होती. कवड्यांच्या माळा घातलेली माणसं, ओटीचं सामान घेतलेल्या बायका. आई सवयीनं आमच्यापासून दोन हात लांब उभी राहिली. अव्वा शेजारी होत्या, गावातली आठ-दहा माणसं होती, आणि आईचं ते दोन हातांचं अंतर कुणाही बाईला बघताक्षणी कळण्यासारखं होतं.

मोटार आली. धूळ उडाली. अण्णांनी फडक्यातली शिदोरी पुढं केली आणि आईनं नेहमीसारखी ओंजळ खाली धरली, पडवीत धरायची तशी. त्यांनी वरून टाकली असती तर सगळ्या सडकेनं बघितलं असतं, आणि मला वाटतं, आई त्या मोटारीत चढलीच नसती.

अण्णा दोन पावलं पुढं गेले. त्यांनी शिदोरी तिच्या हातात ठेवली. नुसती ठेवली नाही, ठेवून आपल्या दोन्ही हातांनी तिचे हात वरून दाबून धरले. मग मनगट धरून तिला मोटारीच्या पायरीवर चढवलं.

"पहिला पेपर गणिताचा हाय," ते म्हणाले. "घाई करू नको. मजूर कमी झाले तर दिवस वाढतात."

खिडकीतून मला दिसलं, आई डोळे पुसत होती आणि हसत होती.

आई पास झाली, मास्तरीण झाली, आणि जळकोटच्या मुलींना तिनं अठरा वर्षं गणित शिकवलं. पण माझ्या लेखी निकाल त्या सकाळीच लागला. मोटार गेल्यावर आम्ही घरी आलो. विटाळशीला शिवलेल्या माणसानं डोक्यावरून आंघोळ करायची, हा नियम मला पाठ होता. मी न सांगता आडावर गेले, घागरभर पाणी ओढून आणलं आणि अण्णांच्या पुढं ठेवलं.

अण्णांनी घागरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे कशाला?" म्हणाले. त्यांनी छडी उचलली, टोपी घातली आणि तसेच शाळेत गेले.